पेन्सिलीने लिहिलेला ड्यूटी चार्ट

२०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून साजरं करायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेने आधीच जाहीर करून ठेवलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला त्या मे महिन्यात दोनशे वर्षं होणार होती, तेव्हा निमित्तही चांगलं होतं. मग ९ मार्चला पुण्याच्या नायडू रुग्णालयात राज्यातले पहिले दोन कोविड रुग्ण दाखल झाले, आणि परिचारिकांचं ते वर्ष कसं साजरं झालं हे आपण सगळ्यांनी पाहिलं. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. त्याच दिवसांत घरमालक परिचारिकांना खोली रिकामी करायला सांगत होते, आणि ड्यूटीवरून आलेल्या डॉक्टरांना सोसायटीच्या फाटकावर अडवलं जात होतं. अखेर २२ एप्रिलला केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला : आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद.

या पुस्तकात ज्यांनी लिहिलं आहे, ते फुलं पडत होती तेव्हा आत वॉर्डात होते. परिचारिका, निवासी डॉक्टर, लॅब टेक्निशियन, वॉर्डातले मामा आणि मावशी, ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, आशा सेविका, आणि या सगळ्यांच्या कामावर देखरेख करणारे काही अधीक्षक व परिसेविका. केस पेपर आणि रिपोर्ट बुक सोडून बहुतेकांनी एरवी फारसं काही लिहिलेलं नाही. संपादकांनी त्यांना एकच विचारलं : त्या काळात तुम्हाला कोणी सांभाळलं, आणि म्हणजे नेमकं काय केलं?

उत्तरं वाचताना एक गोष्ट जाणवते. भाषणं कोणाच्याच लक्षात नाहीत. लक्षात राहिली आहे ती मेट्रन, जिने पीपीई किटमध्ये पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, हे स्वतः एकदा किट घालून अनुभवलं आणि आठ तासांच्या ड्यूटीचे दोन तुकडे पाडले. लक्षात राहिला आहे तो अधीक्षक, जो रोज रात्री अकराला कँटीनमध्ये येऊन जेवण गरम आहे का ते बघत असे. एका मावशींनी लिहिलं आहे की, साहेबांनी पहिल्या दिवशी त्यांना आणि डॉक्टरांना एकाच खोक्यातून सारखेच मास्क दिले, ही गोष्ट त्या विसरणार नाहीत. आणि ज्यांना कोणीच सांभाळलं नाही, त्यांच्या लेखांत तीच यादी उलट्या बाजूने येते : बंद कुलपाची विश्रांतीची खोली, नामंजूर रजा, तीन महिने थकलेला पगार, आणि दोन दिवस घशात खवखव आहे असं सांगितल्यावर मिळालेला मेमो.

करुणामय नेतृत्व हा शब्दप्रयोग अलीकडे व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांतून फार ऐकू येतो. तो ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर कोणीतरी मृदू बोलणारा, पाठीवरून हात फिरवणारा साहेब उभा राहतो. असा साहेब मिळाला तर कोणाला नको आहे? पण साहेबांची बदली होते. त्यांच्याबरोबर त्यांचा स्वभावही जातो, आणि वॉर्ड होता तिथेच राहतो. या पुस्तकातल्या अनुभवांवरून मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की करुणा कागदावर उतरली तरच टिकते. ड्यूटी चार्टवर, पदभरतीच्या फायलीत, इमारतीच्या नकाशात, चौकशी समितीच्या अहवालात. तिथे ती नसेल तर वरिष्ठांच्या गोड बोलण्याने दुसऱ्या दिवशीची डबल ड्यूटी टळत नाही.

ड्यूटी चार्टपासूनच सुरुवात करू. सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय ज्यांनी आतून पाहिलं आहे त्यांना हा कागद ओळखीचा असतो. पट्टीने आखलेले रकाने, डावीकडे नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात एखादं अक्षर : मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट, ऑफ. जाणती परिसेविका हा चार्ट आधी पेन्सिलीने भरते. एकीचा मुलगा दहावीला आहे, तिला मार्चमध्ये नाईट नको. दुसरी कसाऱ्याहून येते. इव्हिनिंग संपवून, ओव्हर देऊन, गाडी पकडून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते, तेव्हा तिला लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावायची नाही. तिसरीची सासू अंथरुणाला खिळली आहे. चौथी नवीन आहे, तिला नाईटला एकटी ठेवून चालणार नाही, सोबत जुनी कोणीतरी हवी. गणपतीत सगळ्यांनाच गावी जायचं आहे आणि गेल्या वर्षी कोण गेलं नव्हतं हे तिला पाठ आहे. ती लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, आणि सगळं जमलं की मग त्यावर शाई फिरवते.

रुग्णालयातलं नेतृत्व म्हटलं की आपण डीनच्या केबिनकडे बघतो. परिचारिकेचं आयुष्य मात्र ही पेन्सिल ठरवते. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचं आयुष्य त्याचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा सीनियर ठरवतो, आणि वॉर्डबॉयचं आयुष्य मुकादम ठरवतो. कठीण काळात वरून आलेला एकेक आदेश या मधल्या माणसांच्या हातून खाली जातो, आणि तो खाली कोणत्या रूपात पोचेल हे त्यांच्यावर असतं. म्हणून या पुस्तकात त्यांच्या लेखांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. ते वाचताना दुसरी बाजूही दिसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्री तीस-चाळीस खाटांमागे एक सिस्टर, आणि जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, हे दृश्य आपल्याकडे कोणाला नवीन नाही. मंजूर पदं रिकामी असतील तर परिसेविका कितीही मायाळू असो, खोडरबराने कागद झिजेल, माणसं वाढणार नाहीत. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी खासगी एजन्सीमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तो वेतनाइतकाच या कागदासाठीही होता.

करुणामय नेतृत्वाचा पद्धतशीर विचार ज्यांनी केला त्यांत इंग्लंडच्या किंग्ज फंड या संस्थेशी निगडित मायकेल वेस्ट यांचं नाव अनेकदा घेतलं जातं. त्यांनी नेतृत्वातल्या करुणेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : समोरच्याकडे लक्ष देणं, त्याची अडचण समजून घेणं, ती मनाला लागू देणं, आणि मग मदत करणं. चौथी पायरी नसेल तर पहिल्या तिन्ही फुकट. आपल्याकडे बहुतेक वेळा घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. सकाळचा राऊंड आठवा. पुढे प्राध्यापक, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाऊसमन, शेवटी फायली सांभाळणारा इंटर्न. खाट क्रमांक अकराचं सोडियम किती, चौदाचं युरिन आउटपुट किती, हे सगळं विचारलं जातं आणि विचारायलाच हवं. पण आकडे सांगणारा मुलगा कालपासून जेवला आहे का, हा प्रश्न त्या राऊंडमध्ये बसत नाही. तो विचारला तर शिस्त बिघडेल असं बऱ्याच ज्येष्ठांना मनापासून वाटतं. आम्हीही असेच घडलो, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

असं घडण्याची किंमत काय, याचा हिशेब इंग्लंडने एकदा मांडला. स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी भयंकर हेळसांड झाली तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. २०१३ च्या त्यांच्या अहवालात २९० शिफारशी होत्या. व्यवस्थापनाचं सगळं लक्ष आर्थिक उद्दिष्टांवर, कर्मचारी अपुरे, आणि तक्रार करणाऱ्यांची तोंडं बंद, असं चित्र त्यातून पुढे आलं. माणसं मुळात निर्दय होती म्हणून हे घडलं नाही. धास्तीखाली आणि तोकड्या मनुष्यबळावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाच्या मनाला घट्टे पडतात, आणि ते रुग्णाला बोचतात. कर्मचाऱ्यांची काळजी म्हणजे त्यांचे लाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो अहवाल नजरेखालून घालावा.

आता जागेबद्दल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या, आणि तिथे त्यांच्यावर एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. त्यातून त्या उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं, ज्यांचा जन्मही त्या घटनेनंतरचा होता, अशा मुलींनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. सहकाऱ्याला सांभाळणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण जगात कुठे असेल तर मला ठाऊक नाही. पण त्याच गोष्टीच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : एवढ्या मोठ्या रुग्णालयात एका परिचारिकेला कपडे बदलायला तळघरात का जावं लागलं?

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरवर बलात्कार झाला आणि तिची हत्या झाली. लांबलचक ड्यूटीत थोडा वेळ पाठ टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं आणि २० ऑगस्टच्या आदेशात राष्ट्रीय कृती दल नेमताना नोंदवलं की, रात्रपाळीच्या डॉक्टरांना विश्रांतीला पुरेशी जागाच नसते. दोन घटनांमध्ये जवळपास ५१ वर्षं गेली. हृदय प्रत्यारोपण आलं, रोबोटिक शस्त्रक्रिया आली, रुग्णालयांच्या प्रवेशद्वारांना काचा आणि ग्रॅनाइट लागलं. ड्यूटीवरच्या बाईला आतून कडी लावता येईल अशी खोली मात्र यायची राहिली. नवीन इमारतीचा नकाशा मंजूर करताना कोणीतरी एका वाक्यात विचारायला हवं होतं की, रात्री स्टाफ कुठे टेकणार? ते वाक्य ज्या बैठकीत उच्चारलं गेलं नाही, तिथे नेतृत्वाची खुर्ची रिकामी होती असं मी म्हणेन.

तासांचंही तसंच. निवासी डॉक्टरांची सलग ड्यूटी सहसा बारा तासांपेक्षा आणि आठवड्याची ४८ तासांपेक्षा जास्त असू नये, असा केंद्र सरकारचा निर्देश १९९२ चा आहे. त्यानंतर डॉक्टरांच्या पिढ्या या निर्देशाची गंमत करत मोठ्या झाल्या. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोजची सात-आठ तासांची झोप सुचवली. ४८ वरून ७४ वर येणं ही माघार आहे, पण निदान वास्तवाच्या जवळची आहे. या पुस्तकात एका निवासी डॉक्टरने आपल्या युनिटच्या इमर्जन्सीच्या दिवसाचं तासागणिक टिपण दिलं आहे. ते टिपण कोणत्याही टीका-टिप्पणीशिवाय छापलं आहे, आणि तसंच वाचावं.

खापर फोडण्याच्या आपल्या सवयीबद्दलचा भाग वाचायला सगळ्यात जड आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. नगरच्या घटनेनंतर काही दिवसांतच एक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका यांना अटक झाली, आणि परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. कोणाचा दोष किती, हे ठरवायला न्यायालयं आहेत. पण स्प्रिंकलर बसवणं, वायरिंग तपासणं, अग्निसुरक्षेच्या आक्षेपांची पूर्तता करणं हे कोणत्याही परिचारिकेच्या कामांच्या यादीत नसतं. जी कामं ज्यांच्या यादीत असतात त्यांच्यापर्यंत पोचायला चौकशीला वेळ लागतो, आणि ड्यूटीवरची सिस्टर जागेवरच सापडते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली. पाठोपाठ एका खासदारांनी कॅमेऱ्यासमोर तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. त्याबद्दल खासदारांवर गुन्हाही नोंदवला गेला. स्वच्छतागृह घाण होतं, ही तक्रार खरीच असेल. पण त्या व्हिडिओने औषधपुरवठा सुधारला नाही, एकही रिक्त पद भरलं गेलं नाही. त्यातून राज्यभरच्या रुग्णालय प्रमुखांना धडा मात्र मिळाला : संकट आलं की आधी स्वतःला वाचवा, आणि त्यासाठी खालच्या कोणाचं तरी नाव तयार ठेवा. अपमान वरून खाली वाहतो. ज्या डीनला कॅमेऱ्यासमोर झाडू धरावा लागतो, तो उद्या आपल्या अधीक्षकाशी कसा बोलेल, आणि अधीक्षक मेट्रनशी?

याच्या अगदी विरुद्ध दिशेचं एक निरीक्षण अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात नोंदवलं. औषधं देण्यातल्या चुका मोजायला त्या रुग्णालयांत गेल्या. चांगल्या संघात चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले : जिथे वातावरण चांगलं, तिथेच चुकांची नोंद जास्त. कारण शोधल्यावर कळलं की तिथली माणसं चूक झाली की सांगत होती, बाकीच्या ठिकाणी लपवत होती. आपल्याकडच्या मेमोसंस्कृतीचं याहून नेमकं निदान नाही. चुकीचं इंजेक्शन भरलं गेलं, टोचण्याआधी लक्षात आलं, हे कळवणाऱ्या सिस्टरला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तर पुढच्या वेळी ती सिरिंज गुपचूप कचऱ्याच्या डब्यात जाईल. मग एकसारख्या दिसणाऱ्या त्या दोन ॲम्प्यूल शेजारी-शेजारी ठेवू नयेत, हे कोणालाच कळणार नाही. याचा अर्थ बेपर्वाईला पाठीशी घालावं असा नाही. बेपर्वाई आणि चूक यांतला फरक ओळखणं, आणि चूक सांगणाऱ्याच्या मागे उभं राहणं, हे वरिष्ठाचं काम आहे. ते अवघड आहे म्हणून तर त्याला जास्त पगार असतो.

काही जखमा कोणाच्याही चुकीशिवाय होतात. एप्रिल २०२१ चे दिवस आठवा. मुंबईत एका रात्री ऑक्सिजन अपुरा पडू लागला तेव्हा महापालिकेने सहा रुग्णालयांतले १६८ रुग्ण रातोरात जम्बो कोविड केंद्रांत हलवले. नाशिकमध्ये त्याच महिन्यात टाकीतून ऑक्सिजन गळला आणि महापालिकेच्या रुग्णालयात वीसहून अधिक जीव गेले. एक व्हेंटिलेटर आणि तीन रुग्ण अशी गाठ रोज पडत होती. काय केलं पाहिजे हे माहीत असून ते करता येत नाही, आणि त्याचं ओझं आपल्याच मनावर राहतं, या अवस्थेसाठी मानसतज्ज्ञ नैतिक जखम असं म्हणतात. ही कल्पना आधी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात मांडली गेली, डॉक्टरांना ती पुढे लागू केली गेली. थकव्यावर झोप हा उपाय आहे. या जखमेवर झोप लागत नाही, हीच तर अडचण. इथे नेतृत्वाने करायची गोष्ट एकच : तो निर्णय रात्री दोन वाजता एकट्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलावर न सोडणं. व्हेंटिलेटर कोणाला, हे तीन ज्येष्ठांनी मिळून ठरवायचं, कागदावर सही त्यांची, आणि नातेवाइकांशी बोलायलाही त्यांनीच जायचं. ज्या युनिटांनी असं केलं त्यांच्या हकिकती इथे आहेत. ज्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या, घरी बसून व्हॉट्सॲपवर सूचना पाठवल्या, त्यांच्याही आहेत. नावं अर्थातच नाहीत.

सांभाळण्याचा एक प्रकार असा असतो की तो त्या क्षणी कोणाला दिसतही नाही. नंदुरबारसारख्या दुर्गम आदिवासी जिल्ह्यात त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरत असताना, बाकी जग सुटकेचा निश्वास टाकत असताना, ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभारायला घेतले. दुसरी लाट आली तेव्हा मोठमोठी शहरं टँकरची वाट बघत होती आणि नंदुरबार आपल्या हवेवर उभं होतं. याची दाद प्रशासकीय दूरदृष्टी म्हणून दिली गेली, ती योग्यच. मी त्याकडे तिथल्या रात्रपाळीच्या परिचारिकेच्या बाजूने बघतो. सिलिंडरचा काटा खाली चालला आहे आणि पुढचा येईल की नाही ठाऊक नाही, हे ओझं त्या जिल्ह्यात तिच्या डोक्यावर पुष्कळ कमी होतं. मानसिक आरोग्याचं याहून चांगलं शिबिर कोणी घेतलं असेल असं वाटत नाही.

शिबिरांबद्दल बोलायलाच हवं, कारण लाट ओसरल्यावर त्यांचंही पेव फुटलं. नाईट संपवून निघालेल्या परिचारिकांना सभागृहात थांबवून तणावमुक्तीचं व्याख्यान ऐकवल्याचा प्रसंग इथे एकीने मोठ्या खुसखुशीत शैलीत लिहिला आहे. व्याख्यात्याने डोळे मिटायला सांगितलं आणि पहिल्या दोन रांगा खरंच झोपल्या. योग आणि ध्यानाबद्दल तिची तक्रार नाही, वेळेबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा कामाच्या जागी साचून राहिलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, असं त्याचं मूळ सांगितलं. म्हणजे औषध कामाच्या जागी शोधायचं. तरीही बोलायला जागा हवीच. बोस्टनमधले वकील केनेथ श्वार्ट्झ यांचं १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झालं. आजारपणात डॉक्टर-परिचारिकांनी दाखवलेल्या लहान लहान आपुलकीने त्यांना बळ दिलं होतं, आणि ती आपुलकी दाखवणाऱ्यांचं काय, हा विचार त्यांनी मागे ठेवला. त्यातून श्वार्ट्झ राऊंड निघाले. ठरावीक दिवशी तासभर सगळ्या हुद्द्यांची माणसं एकत्र बसतात, तीन-चार जण एखाद्या रुग्णाबद्दल आपल्याला काय वाटलं ते सांगतात, बाकीचे ऐकतात. उपाय सुचवायचा नाही, चूक काढायची नाही. आपल्याकडे हे जमेल का? जिथे मावशी डीनसमोर खुर्चीवर बसत नाही, तिथे लगेच जमणार नाही. आधी खुर्ची द्यावी लागेल.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर राबणाऱ्यांना तर ही खुर्चीही नाही. राज्यात सुमारे ७० हजार आशा सेविका आहेत. घरोघरी जाऊन ताप मोजणं, ऑक्सिमीटर लावणं, बाहेरगावाहून आलेल्यांची यादी करणं, शिव्या खाणं, हे सगळं त्यांनी केलं, आणि त्याबद्दल त्यांना जे मिळतं त्याला वेतन म्हणत नाहीत. ते मानधन आणि मोबदला. जून २०२१ मध्ये ऐन साथीत त्यांना संपावर जावं लागलं, आठवडाभराने वाढीचं आश्वासन घेऊन त्या परतल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. जिनिव्हातून कौतुक आलं तेव्हा गावातली आशा आपल्या थकलेल्या बिलाची चौकशी करत होती, असं एकीने लिहिलं आहे. तिच्या लेखात कडवटपणा नाही, हिशेब आहे.

त्यागाच्या कौतुकाबद्दल थोडं सावध राहायला हवं, आणि हे महाराष्ट्रात म्हणणं सोपं नाही. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी देह ठेवला. आरोग्यसेवेच्या प्रत्येक समारंभात त्यांचं स्मरण होतं, व्हायलाच हवं. पण सावित्रीबाईंपुढे हात जोडून आजच्या परिचारिकेला मास्क नाकारता येत नाही. त्यांनी स्वतःच्या मर्जीने पत्करलेली जोखीम ही सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर नोकरीची अट कशी होऊ शकेल? सेवाभाव हा शब्द वरिष्ठांच्या तोंडी वारंवार येऊ लागला की पगारपत्रक आणि हजेरीपट एकदा तपासून घ्यावा, असा या पुस्तकातल्या एका निवृत्त अधिसेविकेचा सल्ला आहे. मला तो पटतो.

या संग्रहाच्या मर्यादाही सांगतो. खासगी छोट्या नर्सिंग होममधल्या, नोंदणी नसलेल्या, दहा-बारा हजारांवर काम करणाऱ्या मुली इथे जवळजवळ नाहीत. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी लिहायचं टाळलं, आणि ती भीती रास्त आहे. रुग्णवाहिकांचे चालक आणि स्मशानातले कर्मचारी एखाद-दुसऱ्या लेखातूनच डोकावतात. काही लेखकांचं एकमेकांशी पटत नाही. पैसा आणि पदं दिली की बाकी सगळं आपोआप होईल, असं काहींचं म्हणणं. पैसा कधीच पुरेसा नसणार, तेव्हा वागणूक तरी माणसासारखी असावी, असं इतरांचं. संपादकांनी दोन्ही मतं शेजारी-शेजारी ठेवली आहेत. वाचकाने क्रमाने वाचावं असा आग्रह नाही. रुग्णालय चालवणाऱ्यांनी मात्र आधी चतुर्थश्रेणीचे लेख वाचावेत आणि अधीक्षकांचे शेवटी.

माझं मत विचाराल तर करुणेला खर्च येतो, हे पहिल्यांदा मान्य केलं पाहिजे. सात जणींच्या जागी बारा जणी नेमायला पैसा लागतो. कडी असलेली खोली, रात्रीचं गरम जेवण, कोविडसारख्या काळात घराजवळ राहण्याची सोय, आजारी पडल्यावर भरपगारी रजा, प्रत्येकाला पैसा लागतो, आणि तो अंदाजपत्रकात आधी धरावा लागतो. साथ दारात आल्यावर तो सापडत नाही. पण दुर्लक्षालाही खर्च येतोच, फक्त तो कोणत्या रकान्यात लिहायचा हे ठरलेलं नसतं. अनुभवी सिस्टर राजीनामा देऊन आखातात किंवा इंग्लंडला जाते, तिच्या जागी आलेल्या नवीन मुलीला बाळाचा बदललेला रंग ओळखायला दोन वर्षं लागतात. थकलेला डॉक्टर दशांशचिन्ह चुकवतो. धाकातला टेक्निशियन बिघडलेल्या मशीनबद्दल बोलत नाही. हा सगळा खर्च शेवटी रुग्ण भरतो, बहुधा असा रुग्ण ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही. पुढच्या अंदाजपत्रकावर ज्यांची सही असेल त्यांच्या टेबलावर हे पुस्तक पोचावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.